बिऱ्हाड निघाले देशावर

नोकरदार माणसाच्या कुंडलीत नवग्रहांच्या जोडीला बदली नावाचा एक दहावा ग्रह असतो. तो कोणत्या घरात केव्हा येऊन बसेल याचा नेम नाही. माझ्या पत्रिकेत तो एकवीस वर्षे स्वस्थ झोपला होता. २०२४ च्या गणपतीत तो जागा झाला आणि आरत्यांच्या गजरातच मला कल्याणहून नगरला जाण्याचा हुकूम मिळाला.

कल्याण ते नगर हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. पण नकाशावर बोट ठेवून पाहा : मध्ये सह्याद्री आडवा पडला आहे. आगगाडीने जावे तर सरळ रूळ नाहीत. एक तर मनमाडचा वळसा घ्यायचा, नाही तर पुण्यावरून दौंडला जाऊन वर यायचे. माळशेजमार्गे रेल्वे व्हावी ही मागणी फार जुनी आहे, पण रूळ काही घाट चढलेले नाहीत. तेव्हा बिऱ्हाड हलवायचे ते मोटाररस्त्यानेच. मुरबाड, माळशेज, आळेफाटा, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी आणि नगर.

घरातल्या मंडळींनी ही बातमी आपापल्या वयाप्रमाणे घेतली. चिरंजीव चौथीत, त्यांना टेंपोत बसायला मिळणार का, एवढाच प्रश्न होता. कन्या आठवीत, तिने मैत्रिणींसाठी दोन दिवस डोळे गाळले आणि तिसऱ्या दिवशी नगरच्या शाळेच्या गणवेशाची चौकशी केली. पत्नीने कागद-पेन्सिल घेऊन सामानाची यादी सुरू केली. आई मात्र काही बोलली नाही. तिने संध्याकाळची दिवाबत्ती केली, जपमाळ ओढली आणि पानावर बसताना एवढेच म्हणाली,

“तुमच्या बदलीला हुकूम येतो, भत्ता मिळतो. आमची बदली झाली तेव्हा नुसत्या अक्षता मिळाल्या होत्या.”

आईची ती बदली १९७१ सालची. चिपळूणजवळच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती कल्याणला पारनाक्यावर आली ती एक ट्रंक आणि पाटा-वरवंटा घेऊन. तेव्हापासून त्रेपन्न वर्षे तिने पारनाका सोडला नव्हता. वाडा जाऊन तिथे इमारत झाली. आई त्याच जागी दुसऱ्या मजल्यावर चढली, इतकेच. वडील गेले तेही त्याच घरात. आता वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिला म्हणायचे, चल देशावर!

माझी बहीण डोंबिवलीला असते. ती म्हणाली, “आई माझ्याकडे राहू दे. तिला या वयात कशाला हलवतोस?” बोलणे खोटे नव्हते. मोठे झाड उपटून दुसरीकडे लावू नये हे माळ्यालाही कळते. पण आईलाच लेकीकडे कायमचे राहणे पटेना. अखेर तिने आपला निकाल दिला आणि त्याला तीन कलमे जोडली. पहिले, तुळशीचे लग्न कल्याणच्याच घरात लागेल. त्याआधी ती हलणार नाही. दुसरे, देव सामानाबरोबर जाणार नाहीत. आणि तिसरे, “पाडव्यापर्यंत राहून बघेन. नाही जमले तर मला परत पोचवायचे. कुरकुर करायची नाही.”

आम्ही तिन्ही कलमे मान्य केली. खरे सांगायचे तर तिसऱ्या कलमाची धास्ती माझ्या पोटात शेवटपर्यंत होती.

घर जागेवर उभे असते तोवर त्याचे वजन कळत नाही. ते खोक्यांत भरू लागलो की कळते. माळ्यावरून शेवया करायचे यंत्र निघाले, वडिलांची छत्री निघाली, तांब्याचा बंब निघाला. पत्नीने पाटा-वरवंट्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. घरात मिक्सर येऊन वीस वर्षे झाली होती. “दोनशे किलोमीटर दगड न्यायचा?” असे ती बोलली नाही, पण ते माझ्यापर्यंत पोचले. आईलाही पोचले असावे. कारण दुसऱ्या दिवशी पाटा जुन्या सतरंजीत गुंडाळून सुतळीने बांधलेला, दाराशी तयार होता.

तुळशीचे लग्न लागले आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी, १७ नोव्हेंबरला पहाटे आम्ही निघालो. टेंपो मोठा होता. त्याचा चालक पाथर्डी तालुक्यातला, तिशीपस्तिशीचा, कमी बोलणारा. त्याने टेंपोपुढे नारळ फोडला, आईच्या हातात खोबऱ्याचा तुकडा दिला आणि विचारले, “आज्जी, निघायचं का?” मागच्या मोटारीत चाकावर पत्नी, शेजारी आई, मागे मुले आणि कन्येच्या मांडीवर देवांची पेटी. मी टेंपोत, सामानाचा राखणदार म्हणून. शेजारच्या बायका खाली आल्या होत्या. आई प्रत्येकीला “येते हं” म्हणाली. आपल्यात निघताना कोणी “जाते” म्हणत नाही. पण त्या दिवशी तो शब्द ऐकताना मला जरा जड गेले.

शहाड मागे पडले, रायत्याच्या पुलावर उल्हास नदी ओलांडली, मुरबाड गेले. भातकापणी उरकत आली होती. खाचरांत पेंढ्या उभ्या होत्या. वैशाखऱ्याच्या सुमारास समोर उजव्या अंगाला सह्याद्रीची भिंत दिसू लागली आणि तिच्यात नाणेघाटाची खिंड. वाचकहो, बिऱ्हाड घेऊन या वाटेने जाणारे आम्ही काही पहिले नव्हतो. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या बंदरात उतरलेला माल याच खिंडीतून बैलांच्या पाठीवर जुन्नरला आणि तिथून पुढे पैठणला जात असे. वर सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे लोक सांगतात. आमच्या टेंपोलाही वाटेत टोल भरावा लागलाच. फक्त रांजणाऐवजी काचेवर चिकटवलेल्या पट्टीतून पैसे गेले.

माळशेजच्या पायथ्याशी चहासाठी थांबलो तेव्हा आईचा चेहरा उतरला होता. मोटारीत तिला मळमळत होते. टेंपोचालकाने ते पाहिले आणि म्हणाला, “आज्जी, फुडं बसा माझ्याकडं. उंचावर बसलं की लागत नाय गाडी.” आईने एकदा देवांच्या पेटीकडे पाहिले. “देव मोटारीत राहू देत,” ती म्हणाली. “मी जाते टेंपोत. मी काय, सामानच!” आणि चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई, चालकाच्या हाताला धरून, लोखंडी पायरीवरून वर चढली आणि आम्हा दोघांच्या मध्ये ऐसपैस बसली.

माळशेज पावसाळ्यात पाहावा अशी ख्याती आहे. पण घर घेऊन जायला नोव्हेंबरच बरा. दरडीचे भय नाही, धुके विरळ, धबधब्यांच्या जागी काळ्या कड्यांवर नुसत्या ओल्या रेघा. टेंपो दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढत होता. आई काचेतून सारे पाहत होती. कोकण खाली खाली जात होते. वळणावर एकदा तिने मागे वळून पाहिले. मागे अर्थात टेंपोची भिंतच होती. मग तिने पुढे पाहिले.

घाटमाथा आला आणि हवा बदलली. अंगाला चिकटणारा दमटपणा कुठे सुटून पडला कळले नाही. पिंपळगाव जोग्याच्या धरणाचे पाणी डाव्या-उजव्या वळणांतून लकाकत होते. चालकाने माहिती पुरवली, “हे पाणी कॅनॉलनं पारनेरकडं जातं, आज्जी. आपण चाललो तिकडंच.” आईला ते फार आवडलेले दिसले. प्रवासात सोबत असावी आणि ती पाण्याची असावी, यापरते काय पाहिजे?

ओतूर येते तेव्हा उजव्या हाताला डोंगरांपलीकडे जुन्नर राहते. इथे मला आमच्या नव्या गावाची कुळकथा आठवली. नगर हे शहरच मुळी एका बदलीतून जन्माला आले आहे. मलिक अहमद हा बहमनी राज्याचा जुन्नरचा अधिकारी. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ त्याने चालून आलेल्या बहमनी फौजेचा पराभव केला आणि स्वतंत्र निजामशाही सुरू केली. त्याला दौलताबादचा किल्ला हवा होता. जुन्नरहून तो लांब पडे. म्हणून १४९४ साली, विजयाच्या त्याच जागेजवळ, सीनेच्या काठी, जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधोमध त्याने नवे शहर वसवले आणि त्याला आपले नाव दिले. राजधानीचे बिऱ्हाड जुन्नरहून नगरला हलले ते साधारण आमच्याच वाटेने. पुढे १४९९ साली दौलताबादही त्याच्या हाती आले.

दौलताबादचे नाव निघाले की बदलीवाल्यांना महंमद तुघलक आठवल्याशिवाय राहत नाही. त्याने १३२७ साली दिल्लीची राजधानी तिथे हलवली, लोकांना सक्तीने चालायला लावले आणि काही वर्षांत डाव मोडून पुन्हा दिल्ली गाठली. त्याचे नाव चमत्कारिक हुकुमाला कायमचे चिकटले. मलिक अहमदाचे शहर मात्र पाच शतकांहून अधिक काळ उभे आहे. एक हललेले गाव का मोडते आणि दुसरे का रुजते? या प्रश्नाचे उत्तर मला इतिहासात मिळाले नसते. ते आळेफाट्याच्या पुढे टेंपोत मिळाले.

पण आधी आळे. ज्ञानेश्वरादी भावंडे पैठणहून नेवाशाला आली. नेवासे म्हणजे नगर जिल्ह्यातच. तिथेच १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा त्यांच्याबरोबर चालत होता आणि परतीच्या वाटेवर तो आळे येथे पडला, तिथेच भावंडांनी त्याला समाधी दिली, अशी कथा आहे. समाधीचे देऊळ रस्त्यापासून जवळच. आईने तिथे फूल वाहिले, बराच वेळ हात जोडून उभी राहिली आणि बाहेर येताना पत्नीला म्हणाली, “सोबत घेतलं त्याला वाटेत टाकून जात नाहीत, हे बघ.” पत्नी हसली. पाटा-वरवंट्याचा खटला तिथे निकालात निघाला.

फाट्यावर बाजरीची भाकरी आणि शेवभाजी खाऊन आम्ही पुन्हा निघालो आणि थोड्याच वेळात समोरून त्या गाड्या येताना दिसल्या. त्या वर्षीचा गाळप हंगाम नुकताच, नोव्हेंबरच्या मध्यावर, सुरू झाला होता. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या. त्यांवर गाठोडी, चटया, बांबू, काठवट, तवे, पाण्याची पिंपे, एक शेळी, एक सायकल आणि या साऱ्याच्या वर बसलेली माणसे. बायकांच्या मांडीवर पोरे. शेवटच्या ट्रॉलीवर एक कुत्रे, कान वाऱ्यावर सोडून.

“कुठे निघालीत ही सगळी?” आईने विचारले.

“ऊस तोडायला. आमच्याकडची हायेत, पाथर्डीची, शेवगावची. काही बीडची.” चालक प्रथमच सलग बोलू लागला. “आमचं लहानपण असंच गेलं, आज्जी. तवा बैलगाड्या व्हत्या. दसरा झाला की निघायचं ते पाडव्याला माघारी. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडनं उचल घ्यायची आन् ती सहा महिने फेडायची.”

“आणि शाळा?”

“तिसरीत मी तीन वर्सं व्हतो,” तो सहज म्हणाला. “बाप थकला आता. भाऊ-भावजय अजून जात्यात. पण भावाची पोरगी आम्ही गावाकडं ठेवून घेतली. तिची शाळा बुडू द्यायची नाय असं ठरवलंय.”

आमच्या एका बदलीने घरात तीन महिने केवढा गहजब! आणि इथे हजारो घरे दरसाल मोडतात, ट्रॉलीवर चढतात, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत उभी राहतात आणि पाडव्याला पुन्हा मोडतात. नगर जिल्ह्याचे नाव साखरेने गाजले. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सबंध महाराष्ट्राने तो कित्ता गिरवला. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांतून कोयते निघतात. आपल्या चहाच्या पेल्यात पडणाऱ्या चमचाभर साखरेमागे कोणाचे तरी हललेले बिऱ्हाड असते, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या दिवशी ते समोरून आले आणि बाजूने गेले.

आई बराच वेळ गप्प होती. मग तिने त्याला विचारले, “अरे, पण दरवर्षी नव्या गावी घर मांडायचं म्हणजे तुझी आई आधी काय करायची? चूल?”

“नाय,” तो म्हणाला. “चूल मागनं. गाडीतनं उतरलं की आई पहिली हंडा घेऊन जायची. पाणी कुठंय, किती लांब हाये, आन् तिथं भरणाऱ्या बाया कशा हायेत, ते बघून यायची. तिचा चेहरा बघितला की आम्हा पोरांना कळायचं, औंदाचं साल कसं जाणार ते.”

मला वाटते, गाव हलवण्यासंबंधी यापेक्षा शहाणपणाचे बोलणे कोणत्याही बखरीत नसेल. पुढे नगरात राहू लागल्यावर मी जुन्या शहराची हकीकत वाचली, तेव्हा त्या माउलीची आठवण झाली. सीना ही काही बारमाही भरून वाहणारी नदी नव्हे. निजामशाहीतल्या लोकांनी आसपासच्या टेकड्यांच्या पायथ्याशी पाणी शोधले आणि जमिनीखालून खापरी नळ घालून ते शहरात, किल्ल्यात, बागांत खेळवले. इतिहासकार फिरिश्ता हा लहानपणी इराणहून वडिलांबरोबर या नगरात आलेला. हे शहर दोन वर्षांत बगदाद-कैरोच्या तोडीचे झाले, अशी त्याची ग्वाही सांगतात. स्तुतीचा भाग सोडून द्या. पण माणसे राहिली, कारण त्यांच्या दारात पाणी आले. हुकुमाने माणूस एखाद्या गावी जाऊन पोचतो. राहतो तो पाण्याच्या आणि शेजाराच्या भरवशावर.

गुळुंचवाडीजवळ ओढ्यावर निसर्गाने घडवलेला एक दगडी पूल आहे. चिरंजीवांनी तो हट्टाने पाहिला. आणे घाट चढला आणि आणे पठारावर आलो. इथून पुढे पारनेर तालुका, म्हणजे नगर जिल्हा. सतरा हजारांवर चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. त्याचे पश्चिमेकडले टोक अकोल्यात सह्याद्रीच्या धो धो पावसात भिजते, आणि आम्ही चाललो होतो तो भाग पर्जन्यछायेतला. कल्याणला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. नगरला जेमतेम पाचशे-साडेपाचशे. निम्म्या दिवसाच्या प्रवासात आपण पाचातले चार हिस्से पाऊस मागे टाकून येतो.

कोकणच्या डोळ्यांना हा मुलूख प्रथम रिकामा वाटतो. झाड दूर, घर दूर, आभाळ मात्र उदंड. ज्वारी गुडघ्याला लागली होती. अध्येमध्ये कांद्याची हिरवी पट्टी. टाकळी ढोकेश्वरला डोंगरात प्राचीन शैव लेणे आहे. दक्षिणेला पारनेर, सेनापती बापटांचे जन्मगाव. त्याच तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात पाण्याने कोरलेले रांजणखळगे. आईने हे सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, “इथे माणूस लांबून येताना दिसतो, नाही? आमच्याकडे वळणावर एकदम पुढ्यात उभा राहतो.” हे कौतुक होते की तक्रार, ते कळले नाही.

भाळवणी मागे पडली. कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या गाड्या नेप्तीच्या बाजाराकडे वळताना दिसू लागल्या. रस्त्यावरच्या पाट्यांची मोठी गंमत चालली होती. २०२४ च्या ऑक्टोबरातच शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले होते. एका पाटीवर जुने नाव, दुसरीवर ओल्या रंगाचे नवे. मुलांनी विचारले, “मग आपण कुठे चाललोय?” चालक म्हणाला, “नगरला!” आणि खरेच, दोन्ही नावांत नगर ते नगरच राहते. येष्टीचा वाहकही तेवढेच ओरडतो.

पण त्या नव्या नावाने आई जरा सैलावली. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा, याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा. लहानपणी होळकरांची सून होऊन ती माळव्यात गेली. नवरा गेला, सासरा गेला, मुलगा गेला. मग तिने महेश्वरला राजधानी करून १७९५ पर्यंत राज्य चालवले आणि देशभर तीर्थांच्या वाटांवर घाट, विहिरी नि धर्मशाळा बांधल्या. आई म्हणाली, “तिचीही बदली अक्षतांनीच झाली म्हणायची. पण वाटेने जाणाऱ्यांची सोय तिला सुचली. ज्याला गाव सोडावं लागतं त्यालाच सुचतं ते.”

तीनच्या सुमारास सीनेचा पूल ओलांडून आम्ही शहरात शिरलो आणि सावेडीतल्या आमच्या भाड्याच्या घरापाशी टेंपो थांबला. हमालांनी दीड तासात संसार दुसऱ्या मजल्यावर चढवला. चालकाने पाट्याचे गाठोडे मात्र कोणाला उचलू दिले नाही. खांद्यावर घेऊन स्वतः वर आणले आणि मोरीजवळ ठेवले. “तुमचा पाटा पोचला, आज्जी,” म्हणाला. आईने त्याच्या पुतणीसाठी, म्हणजे भावाच्या मुलीसाठी, पाकिटात काही घालून दिले. तो नको म्हणाला, तिने ऐकले नाही.

शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या. आईने कपबशी हातात घेण्याआधी विचारले, “इथे पाणी केव्हा येतं हो?”

“दिवसाआड. पहाटे पाचला. मुळा धरणाचं आहे, गोड आहे अगदी,” काकू म्हणाल्या. “उद्या पाण्याचा दिवस. मी दार वाजवीन.”

मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिले. साल कसे जाणार ते त्यावरून मला काही कळेना.

पहिले महिने सोपे गेले नाहीत, हे कबूल केले पाहिजे. सामान एका दिवसात पोचते. मन पायी येते. कल्याणला पहाटेची पहिली लोकल गेली की आई उठायची. इथे ती आवाजाची वाट पाहत अंथरुणात पडून राही. कोरड्या थंडीने तिच्या टाचा फुटल्या. “तुमचं नगर” असा तिचा शब्द होता. तुमच्या नगरात ओला नारळ महाग, तुमच्या नगरात फणस नाही, तुमच्या नगरात सात वाजता रस्ता निजतो. कल्याणच्या दमट हवेत दोन दिवस न वाळणारे धुणे इथे दोन तासांत कडक होते, एवढी एक गोष्ट तिने नगरच्या बाजूने जमेस धरली.

आम्ही तिला गाव दाखवीत होतो. माळीवाड्याचा विशाल गणपती दाखवला. तो ग्रामदैवत, आणि त्याचा आकार पाहून आई थक्क झाली. कापडबाजार दाखवला. भुईकोट किल्ला बाहेरून दाखवला आणि सांगितले, की इथे १९४२ ते १९४५ नेहरू, पटेल, आझाद कैदेत होते आणि नेहरूंनी ‘भारताचा शोध’ इथेच लिहिला. “बागही केली होती म्हणतात त्यांनी,” मी म्हणालो. “करणारच,” आई म्हणाली. “कोंडलेल्या माणसाला काही तरी लावून बघावंसं वाटतं.” दुसऱ्या दिवशी तिने गॅलरीतल्या तुळशीशेजारी एका डब्यात ओवा लावला.

हे गाव पाहताना मला एक गोष्ट सतत जाणवे. इथे जो तो कुठून तरी आलेला. मलिक अहमद जुन्नरहून, फिरिश्ता इराणहून. निजामशाही अखेरच्या काळात सांभळणारा मलिक अंबर तर हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला. अमेरिकन मिशनचे लोक १८३१ साली आले. दिल्लीचा बादशहा औरंगजेब दख्खन जिंकायला निघाला तो परत गेलाच नाही. १७०७ साली भिंगारच्या छावणीत त्याचा शेवट झाला. कोणी हुकमाने आले, कोणी बेड्यांत, कोणी लोभाने, कोणी पोटासाठी. ज्यांनी इथे पाणी आणले, शाळा काढली, झाड लावले, त्यांचेच काही राहिले.

आईचे देशावर येणे एका वाटीने पुरे केले. जानेवारीतल्या एका कडाक्याच्या संध्याकाळी शेजारच्या काकू झाकलेली वाटी घेऊन आल्या. “हुलग्याचे शेंगोळे आहेत. आजींना चालतात का बघा. थंडीत बरे असतात.” आईने एक शेंगोळे तोंडात घातले, थांबली, दुसरे घातले, आणि तिचा चेहरा असा फुलला की मी वाचीत असलेले वर्तमानपत्र खाली ठेवले.

“अहो, हे तर कुळीथ!”

“आम्ही हुलगे म्हणतो.”

“हुलगे म्हणा काय नि कुळीथ म्हणा काय! माझ्या आईच्या हातचं कुळथाचं पिठलं…” आणि मग त्या दोघी साडेनऊपर्यंत बोलत बसल्या. चिपळूणकडची आई आणि जन्मापासून नगरची शेजारीण. धान्य एकच, नावे दोन. दुसऱ्या दिवशी आईने पाट्यावर खोबरे-लसूण वाटून कुळथाचे पिठले केले आणि वाटी परत भरून पाठवली. दोन घरांच्या मध्ये वाट्यांची ये-जा सुरू झाली की समजावे, बिऱ्हाड आता उतरले.

२०२५ चा पाडवा ३० मार्चला आला. गुढी उभारली, कडुनिंबाची चटणी खाल्ली. दुपारी टेंपोचालकाचा दूरध्वनी आला. भाऊ-भावजय फडावरून सुखरूप परतले होते. मुलगी पाचवीत जाणार होती. आईने त्याला आशीर्वाद दिले. संध्याकाळी मी धीर करून विषय काढला. “आई, पाडवा झाला. तुझं ते तिसरं कलम…”

“हो, आहे लक्षात,” ती म्हणाली. “मला कल्याणला पोचव. चार-आठ दिवस जाऊन येईन म्हणते. आंबा सुरू झाला की तिकडून आणताही येईल.”

ती गेली. निघताना काकूंना “येते हं” म्हणाली, आणि या वेळी तो शब्द ऐकताना मला काही वाटले नाही. पारनाक्यावरच्या मैत्रिणींकडे जेवली, बहिणीकडे राहिली, खाडीचे वारे पोटभर खाल्ले. तिकडे तिने नगरची निंदा केली की स्तुती, ते मला ठाऊक नाही. मात्र त्या आठ दिवसांत एक दिवसाआड, पहाटे पाचला, आमचा फोन वाजे आणि डोंबिवलीहून आई म्हणे, “उठलात का? आज आपल्याकडे पाण्याचा दिवस.”